वाजलं ते वाजलं

वहिनीने पट्ट्यांवरचे हात उचलून मांडीवर घेतले आणि ती नेहमीसारखी थांबली. पण व्हायोलिन थांबलं नाही. नणंदेने तो उंच सूर हवा तेवढाच धरला, सोडला आणि ती पुढच्या ओळीवर निघूनही गेली. पियानो मागे राहिलाय हे ध्यानात आल्यावर तिने गज तारांवरून उचलला आणि भिंतीकडे बघत उभी राहिली.

"काय गं, गाडी चुकतेय का तुझी?" वहिनीने विचारलं.

"इथे थांबायचं नाही असं म्हणते मी."

"कधीपासून?"

"आत्तापासून. परवाच्या कार्यक्रमात सरळ जाऊ या. लिहिलंय तसं."

वहिनीने पियानोच्या झाकणावरून उगाचच बाही फिरवली. धूळ नव्हतीच. ज्या घरातला नवरा गावभरचे पियानो सुरात लावून देतो, त्या घरातल्या पियानोवर बसायची धुळीची छाती होत नाही.

नणंद-भावजयीचं पटतं हेच मुळात लोकांना खरं वाटत नाही. त्यातून या दोघी वर्षानुवर्षं एकत्र वाजवतात, एकीचा पियानो आणि दुसरीचं व्हायोलिन, हे कळलं की समोरचा हमखास विचारतो, भांडत नाही का तुम्ही? भांडतात की! लयीवरून भांडतात, सुरावरून भांडतात, वहिनीला खिडकी उघडी हवी आणि नणंदेला बंद, यावरून तर हातघाईवर येतात. पण या संथ भागातल्या या एका जागेवरून आजवर कोणी ब्र काढला नव्हता.

जागा म्हटलं तर साधीच. सोनाटा ही तीन भागांची रचना. तिच्या मधल्या, संथ भागात व्हायोलिन चढत चढत एका उंच सुरावर येतं. त्या सुराखाली पियानोने हलकेच आपले सूर ठेवायचे आणि मग दोघांनी मिळून खाली उतरायचं. लिहिणाऱ्याने एवढंच लिहिलंय. या दोघी मात्र तिथे थांबायच्या. नणंद तो सूर गज संपेपर्यंत ओढायची. गज संपला की सगळं चिडीचूप व्हायचं, खोकला आलेला माणूसही तो गिळायचा, आणि आता काही खरं नाही असं वाटेपर्यंत ताणून मग वहिनीचे सूर यायचे. एका पेपरवाल्याने त्या थांबण्यावर अर्धा रकाना लिहिला होता. शिकणाऱ्या मुली ते घरी करून बघायच्या आणि हटकून तोंडघशी पडायच्या.

"लोक त्यासाठी तर येतात," वहिनी शेवटी म्हणाली.

"येऊ देत."

"मला विचारायचं तरी."

"विचारतेय की."

हे काही विचारणं नव्हतं, पण नणंदबाईंचं विचारणं पहिल्यापासून असंच. दोघी एकाच बाईंकडे शिकल्या. तेव्हा त्या नणंद-भावजय नव्हत्या, साध्या मैत्रिणी होत्या. सरावाला म्हणून घरी यायची आणि येता-जाता माझा भाऊच पटकावला हिने, असं नणंद अजून चारचौघांत सांगते. बाई अशा कडक की पोरी जिन्यातच रडून घ्यायच्या, म्हणजे वर गेल्यावर वेळ जायला नको. कार्यक्रमाच्या आदल्या मिनिटापर्यंत त्या चुका काढत. पण कार्यक्रम झाला की संपलं. "वाजलं ते वाजलं," म्हणायच्या. "झालेल्या चुकीवर बोलायचं नाही. आपल्याही नाही, दुसऱ्याच्याही नाही." बाई गेल्या, पण हा नियम दोघींनी असा पाळला की बाईंनाही जरा आवर म्हणावंसं वाटलं असतं.

पुढे दोघींच्या वाटा फुटल्या. वहिनीचं म्हणजे जिथे पियानो तिथे वहिनी. सकाळी बालवाडीत, दुपारी नाचाच्या वर्गात एक-दोन-तीन-चार, संध्याकाळी एका मोठ्या हॉटेलच्या तळमजल्यावर. तिथे जेवणाऱ्यांच्या लेखी ती आणि कोपऱ्यातली कुंडी सारखीच. परीक्षेला बसलेल्या पोरांना तिने साथ केली. पोर जिकडे पळेल तिकडे त्याच्यामागे पळायचं आणि परीक्षकांना पत्ता लागू द्यायचा नाही, हे त्यातलं कसब. साबणाच्या जाहिरातीत जे सूर वाजायचे तेही तिचे. अलीकडे संगीताच्या शाळेत नोकरी लागली होती आणि मुली तिला घाबरायच्या, याचं तिला मनातून बरं वाटायचं.

नणंदेची गोष्टच वेगळी. ही एकटी उभी राहील आणि सभागृह भरेल, असं बाई म्हणायच्या. विशीत तिने मोठी स्पर्धा मारली, बोलावणी येऊ लागली, आणि एक दिवस ही सरळ उठून वाद्यवृंदात मागच्या रांगेत जाऊन बसली. सगळ्यांनी कपाळावर हात मारून घेतला. तिचं म्हणणं एकच, मला घोळक्यात बरं वाटतं. तिथेही ती मागे राहिली नाहीच. रांगेमागून रांग ओलांडत पहिल्या खुर्चीवर आली, देश हिंडली, चौघांचा संच काढून हिंडली, स्पर्धांना परीक्षक म्हणून गेली. पण वाद्यवृंदापुढे एकटीने उभं राहायची वेळ आली की तिचं काहीतरी निघायचं. कधी खांदा, कधी पाठ. समोर सुरावटीचा कागद न ठेवता वाजवायची रीत असते अशा वेळी. ज्याची त्याची आवड, असं म्हणून वहिनीने तो विषय कधीच मिटवून टाकला होता.

वर्षातून एकदा मात्र नणंद असेल तिथून यायची आणि दोघी मिळून गावातल्या सभागृहात वाजवायच्या. वहिनीला विचाराल तर ती बाकीचं वर्ष त्या एका दुपारसाठी रेटायची. उरलेले सगळे दिवस ती कोणाच्या तरी मागून पळत असायची. त्या एका दिवशी बरोबरीने चालायची.

"बस जरा," वहिनी म्हणाली. "नीट सांग. माझं काही चुकतंय का तिथे?"

नणंद बसली नाही. तिने व्हायोलिन पेटीत ठेवलं, गजाचा ताण सैल केला, तो परत आवळला.

"बाईंचा नियम मोडते आज," ती म्हणाली. "बाई काही ऐकायला नाहीत."

पहिला कार्यक्रम. नणंद आज तो काढणार, हे वहिनीला कळलं. इतकी वर्षं पोटात ठेवलं बिचारीने, आता साठी आली, बोलून मोकळी होणार. वहिनीने मान खाली घातली आणि ऐकायची तयारी केली.

"ते थांबणं माझी चूक होती," नणंद म्हणाली.

वहिनीने मान वर केली.

"पहिल्या वेळी मी विसरले होते. काय तोरा होता तेव्हा, आठवतं ना, कागदच ठेवायची नाही समोर. त्या सुरावर आले आणि तुझे सूर आलेच नाहीत. म्हटलं, मेले! काहीतरी गाळून भलतीकडेच येऊन पोचलेय मी. मग पुढचं सगळं पुसलंच गेलं. तो सूर धरून बसले नुसती. गज संपला तरी काही आठवेना. आणि तू थांबलीस. जराही न गडबडता थांबलीस, आणि मग असे सूर दिलेस की मला रस्ता दिसला. नाहीतर मी व्हायोलिन टाकून पळाले असते, वहिनी."

नणंद आता वहिनीकडे पाठ करूनच बोलत होती. तेव्हापासून समोर कागद नसेल तर तिला घाम फुटायचा. कागदाकडे बघायची गरज नसायची, पण तो तिथे हवा. म्हणून वाद्यवृंद, तिथे प्रत्येकापुढे कागद ठेवायचा स्टँड असतो, कोणी विचारत नाही. लोकांना ते थांबणं आवडलं म्हणून पुढच्या वर्षीही ती तिथे थांबली, आणि मग लोक दरवर्षी तिच्या फजितीला टाळ्या वाजवायचे आणि ती वाकून त्या घ्यायची. आता एकदा तरी तिला ते बरोबर वाजवायचं होतं.

"परवाच एका मोठ्या, नावाजलेल्या पियानोवाल्याने विचारलं," ती म्हणाली. "माझ्याबरोबर चल, गावोगाव कार्यक्रम करू, सगळे सोनाटे वाजवू. मी नाही म्हटलं. तो वाजवतो माझ्या वहिनीपेक्षा बरा..."

"बराच बरा."

"बराच बरा. पण चूक पोटात घालणारं माणूस दोनदा मिळत नाही."

वहिनी उठली आणि चहा टाकते म्हणून आत गेली. चहा टाकायचं भांडं हातात घेऊन ती ओट्यापाशी नुसती उभी राहिली.

कारण नणंद विसरली नव्हतीच. त्या दिवशी पियानोची पानं उलटायला वहिनीचा नवरा बसला होता. तेव्हा नवीन नवीन नवरा. त्याला पियानोतली तार न् तार कळायची, पण कागदावरचं ओ की ठो कळायचं नाही. वहिनीने मान हलवली की पान उलटायचं, एवढंच ठरलं होतं. नेमकं त्या उंच सुराच्या आधी तिने मान हलवली आणि याने बोटाला थुंकी लावून दोन पानं एकदम उलटली. वहिनीपुढे भलतंच काहीतरी आलं. तिचे हात हवेत राहिले. नवऱ्याने एक पान मागे घेतलं, ते वाऱ्याने परत पुढे आलं, तिने शेवटी ते स्वतः धरून ठेवलं आणि जागा शोधली. तोवर व्हायोलिनने सूर ओढून धरला होता. वहिनीच्या मनात तेव्हापासून एकच होतं, की हिला कळलं आणि हिने आपल्याला सांभाळून घेतलं. पुढच्या वर्षी तालमीत नणंद तिथे मुद्दाम थांबली तेव्हा तर तिला भरूनच आलं. आपली चूक हिने सजवून ठेवली, असं वाटलं तिला. त्या एका गोष्टीखातर तिने नणंदेचे किती टोमणे ऐकून घेतले याला गणती नव्हती.

आणि इकडे ही बाई तिचेच आभार मानत मागच्या रांगेत जाऊन बसली होती.

चहा झाला. नणंद बिस्किटं मऊ पडलीत म्हणाली, ती होतीच. वहिनीने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा बिस्किट पुढे केलं. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझं डोकं शाबूत होतं, माझी पानं चिकटली होती, आणि त्यापायी तुझं एकटीने उभं राहणं गेलं. हे ऐकल्यावर नणंद त्या मोठ्या पियानोवाल्याला नाही कशाला म्हणेल? आणि मग वहिनीकडे उरणार काय, तर एक-दोन-तीन-चार.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नवरा सभागृहातला पियानो लावत होता. वहिनी व्यासपीठाच्या कडेला पाय सोडून बसली होती. तो एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबत होता, आत किल्ली फिरवत होता आणि तोंड वाकडं करत होता. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकता ऐकता काम थांबवलं नाही, पण तीच पट्टी दाबत राहिला, त्यावरून त्याचं लक्ष तिच्याकडे आहे हे तिला समजलं.

"दोन पानं माझी," तो म्हणाला. "माझ्यावर घाल. भाऊ आहे, टाकून तर देणार नाही."

"पान तुम्ही उलटलंत. बोलले नाही ती मी."

"तिला ठाऊक नाही हे तुला तरी कुठे ठाऊक होतं?"

"तेच तर."

"मग चूक कोणाची ठरली?"

"बाईंची," वहिनी म्हणाली, आणि तिला हसू येता येता रडू आलं.

त्याने किल्ली खाली ठेवली आणि हात पुसले. तो असल्या वेळी काही मोठं बोलणारा माणूस नव्हे. सांगितलंस तर ती चिडेल, एवढं म्हणाला. आणि नाही सांगितलंस तर तू स्वतःवर चिडशील, आणि ते भोगायचं मला. मग त्याने विचारलं की कार्यक्रम झाल्यावर सांगणार का. वहिनीने नाही म्हणून मान हलवली. झाल्यावर बोलायचं नाही हा तर नियम. आधी बोलायला बाईंनी बंदी केली नव्हती.

व्यासपीठामागच्या खोलीत एक लांब आरसा होता, दोन खुर्च्या होत्या आणि एक गळका नळ होता. नणंद खुर्चीवर बसून गजाला राळ लावत होती. तिचा घडीचा स्टँड भिंतीला टेकून उभा होता. पुष्कळ प्रवासाने त्याचा काळा रंग उडून आतलं लोखंड दिसत होतं. बाहेर लोक येऊन बसू लागले होते आणि खुर्च्यांचे आवाज आत येत होते. वहिनी हात चोळत उभी राहिली.

"त्या दिवशी तू विसरली नव्हतीस," ती म्हणाली.

नणंदेचा हात चालूच होता. "कुठल्या दिवशी?"

"पहिल्या. तू बरोबर जागी आली होतीस. माझीच पानं दोन उलटली गेली. माझे सूर आले नाहीत कारण मला जागा सापडेना. मला वाटलं, तुला कळलंय. मला वाटलं, तू मला सांभाळून घेतेयस."

हात थांबला. नळ गळत राहिला.

"दोन पानं," नणंद म्हणाली.

"दोन."

"दादाने?"

"त्यांनी उलटली. पण मी..."

"म्हणजे मी बरोबर होते."

"तू बरोबर होतीस. सगळं बरोबर होतं तुझं."

नणंदेने राळेची वडी फडक्यात गुंडाळली, फडकं पेटीत ठेवलं. मग ते बाहेर काढून पुन्हा गुंडाळलं. आरशात तिचा चेहरा दिसत होता, पण वहिनीला तिकडे बघवेना. शिव्या दिल्या असत्या, ओरडली असती तर बरं झालं असतं. भांडायची सवय होती दोघींना, तिथे वहिनी मागे हटली नसती.

"किती गावांना वाहिलाय मी तो स्टँड, वहिनी," नणंद म्हणाली. तिचा आवाज साधाच होता.

वहिनीला वाटलं, ही आता उठून जाणार. तिने तसं ठरवलं असतं तर वहिनीने तिला अडवलंही नसतं. ती बाहेर जाऊन लोकांना सांगायला तयार होती की माझी तब्येत बरी नाही, आपापले पैसे परत घेऊन जा. तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि कोणीतरी वेळ झाली म्हणून सांगून गेलं. नणंद उठली. एका हातात व्हायोलिन आणि गज, दुसऱ्या हातात स्टँड घेतला. दरवर्षी स्टँड वहिनी धरायची. आज तिने हात पुढे केला तर नणंदेने तो पाहिला नाही, किंवा पाहिला आणि दिला नाही.

टाळ्या झाल्या. स्टँड उभा राहिला, त्यावर कागद ठेवले गेले. नणंदेने सूर मिळवताना पियानोकडे नुसता कान दिला, डोळे दिले नाहीत. पहिला भाग त्या दोघी रागारागाने वाजवल्यासारख्या वाजवून गेल्या आणि लोकांना तो फार आवडला. नणंद नेहमीप्रमाणे पानं उलटत होती. वहिनी मोजून एकेक पान उलटत होती. त्या पहिल्या कार्यक्रमानंतर तिने शेजारी कोणाला बसू दिलं नव्हतं, आणि प्रत्येक पानाचा कोपरा दुमडून ठेवायची सवय लावून घेतली होती.

संथ भाग सुरू झाला. नणंदेची पहिली ओळ गेली, दुसरी गेली. व्हायोलिन चढू लागलं. वहिनीचं लक्ष स्टँडकडे गेलं. स्टँडवर अजून पहिल्या भागाचं शेवटचं पान होतं. नणंदेने ते उलटलंच नव्हतं.

विसरली असेल, असं तिला आधी वाटलं. पुढच्याच क्षणी दिसलं की नणंदेचं तोंड कागदाकडे नाहीच. ती डोळे उघडे ठेवून समोर अंधारात बसलेल्या माणसांकडे बघत होती आणि तिच्या कपाळावर घाम आला होता. आता ही अडली तर हिला सावरायला कागद नाही. वहिनीने दुमडलेला कोपरा पकडला. पान उलटलं, एकच. ते तिने तळव्याने दाबून घेतलं आणि हात पट्ट्यांवर आणला. व्हायोलिन चढत चढत त्या उंच सुरावर आलं.

वहिनीने त्याच क्षणी खाली सूर ठेवले.

कुठे काही थांबलं नाही. दोघी मिळून खाली उतरल्या. वर्षानुवर्षं येणारे जे लोक तिथे श्वास धरायचे, त्यांनी तो धरला आणि वादन पुढे गेलेलं बघून हळूच सोडला. शेवटच्या रांगेत नवरा बसला होता, तो तेवढा एकटा खुर्चीत मागे टेकला.

कार्यक्रम संपल्यावर सभागृहाचे म्हातारे व्यवस्थापक आत आले. पहिल्या कार्यक्रमालाही तेच होते. तेव्हा तरुण होते आणि दारावर तिकिटं फाडायचे. त्यांनी तोंडभरून कौतुक केलं, पण पाय निघेना. मग म्हणाले, "रागावणार नसाल तर विचारतो. ते थांबणं का काढलंत? मी त्याची वाट बघत बसलो होतो."

वहिनी पानं गोळा करत होती, ती वाकलेलीच राहिली. आता ही सांगेल. सांगू दे, तिचा हक्कच आहे. तिने एवढं ठरवलं की मान वर करून ऐकायचं.

"तिथे आम्ही चुकत होतो," नणंद म्हणाली.

व्यवस्थापकांना वाटलं, थट्टाच. ते हसले. "दोघीही? इतकी वर्षं?"

"दोघीही. लक्षात यायला वेळ लागला."

घरी जाताना नणंद मागे वहिनीशेजारी बसायची, दरवर्षी. आज ती पुढे भावाशेजारी जाऊन बसली आणि काच खाली करून बाहेर बघत राहिली. उन्हं कलली होती. दुकानं उघडी होती, माणसं पिशव्या घेऊन घरी निघाली होती. दादाने एक-दोनदा काहीतरी बोलून पाहिलं, वरची पट्टी जरा उतरलीच शेवटी, वगैरे. वहिनी मागच्या सीटवर व्हायोलिनची पेटी धरून बसली होती. तेवढी तरी पेटी हिने माझ्याकडे दिली, असा विचार करत होती. नणंदेची मान मागून दिसत होती, ताठ.

वळणावर दादाने गाडीचा वेग कमी केला. "अगं, तुझा स्टँड राहिला की तिथे. पडद्यामागे ठेवलेला बघितला मी. मागे घेऊ?"

"राहू दे."

"उद्या आणून देतो मग."

"राहू दे म्हटलं ना, दादा. गाडी चालव तू."

दादाने आरशातून बायकोकडे बघितलं आणि गाडी चालवली. पूल गेला, शाळा गेली. घराच्या रस्त्याला लागल्यावर नणंदेने काच वर घेतली. मागे न बघताच ती म्हणाली,

"वहिनी, उद्या किती वाजता बसायचं?"

वहिनीला आधी समजलंच नाही. कार्यक्रम तर झाला होता. दरवर्षी दुसऱ्या दिवशी नणंद आपल्या गावी निघून जायची.

"उद्या? उद्या काय आहे?"

"काय आहे म्हणजे? सगळं परत बसवायला हवं. पहिल्या पानापासून." ती जरा थांबली. "आणि मी अजून चिडलेली आहे, हे लक्षात ठेव."

वहिनीने पेटी मांडीवर जवळ ओढून घेतली.

"दहाला बसू," ती म्हणाली. "खिडकी बंद ठेवते."